आपल्या भागातल्या ॲनिमेशन लघुपटांचा खेळ कसा लावावा

हाताने काढलेला तीन मिनिटांचा ॲनिमेशनपट घ्या. सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) लागतात. एकच चित्र दोन चौकटी वापरलं, तरी सेकंदाला १२ चित्रं झाली, म्हणजे तीन मिनिटांची २,१६०. एवढं काम करणारी मुलं आपल्याच गल्लीत राहतात आणि त्यांचे लघुपट लोक बसमध्ये, आवाज बंद ठेवून, मोबाइलवर बघतात. ते मोठ्या पडद्यावर, अंधारात, चार शेजाऱ्यांच्या सोबतीने बघितले गेले पाहिजेत. त्यासाठी फार पैसा लागत नाही, तयारी मात्र काटेकोर लागते.

तारीख, जागा, परवानगी

२८ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ॲनिमेशन दिन. १८९२ मध्ये याच दिवशी फ्रेंच कलाकार एमिल रेनो यांनी पॅरिसच्या ग्रेव्हँ संग्रहालयात स्वतः रंगवलेल्या चित्रपट्ट्या पडद्यावर हलत्या करून लोकांना दाखवल्या. आपल्याकडे तोवर पाऊस ओसरलेला असतो आणि अंधारही लवकर पडतो, त्यामुळे तारीख सोयीची आहे.

वाचनालयाचा हॉल, शाळेचा मोठा वर्ग, सोसायटीचं सभागृह, काहीही चालेल. उघड्यावर करणार असाल तर ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी आधी घ्या आणि रात्री १० च्या बऱ्याच आधी आवरा. जाहीर प्रदर्शनासाठी १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं. म्हणून पहिला खेळ सभासद आणि निमंत्रितांपुरता ठेवा; सगळ्यांना खुला करायचा असेल तर कोणत्या परवानग्या लागतील, याची चौकशी महिनाभर आधी सुरू करा.

लघुपट गोळा करणं

मुंबईत आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात, पुण्यात एमआयटीच्या डिझाइन संस्थेत ॲनिमेशन शिकवलं जातं. तिथे शिकणारं किंवा शिकून आलेलं कुणी तुमच्या भागात आहे का, हे विचारा. शाळांच्या चित्रकलेच्या शिक्षकांनाही विचारा; मातीच्या बाहुल्या इंच-इंच हलवून मोबाइलवर फिल्म करणारी आठवी-नववीतली मुलं त्यांना ठाऊक असतात. त्यांचं काम कच्चं असलं तरी घ्या.

प्रत्येकाकडून लेखी संमती घ्या आणि पार्श्वसंगीत कुठून आणलं ते स्पष्ट विचारा. विद्यार्थ्यांच्या लघुपटात एखाद्या सिनेमाचं गाणं सर्रास वापरलेलं असतं. त्याचे हक्क नसतील तर संगीत बदलून द्यायला सांगा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून आलेली फाइल घेऊ नका, ती दाबली जाऊन रेषा फाटतात. मूळ फाइल पेनड्राइव्हवर मागा.

सगळे मिळून पाऊण तास पुरे. सुरुवात संवाद नसलेल्या, छोट्या फिल्मने करा, म्हणजे उशिरा आलेल्यांचं फार बुडत नाही. लांब आणि गंभीर फिल्म मधे, शेवट हसवणाऱ्या फिल्मने. लहान मुलं येणार असतील तर प्रत्येक फिल्म आधी स्वतः पूर्ण बघा. भराभर लखलखणारी दृश्यं असतील तर खेळापूर्वी तसं सांगा, अपस्माराच्या रुग्णांना त्याचा त्रास होऊ शकतो.

पडदा आणि आवाज

इथे कंजूषी करू नका. दहा फुटी पडद्याला, हॉल पूर्ण अंधारा असेल तर, ३,००० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) प्रोजेक्टर चालतो. तो पडद्याच्या बरोबर समोर, मध्यरेषेवर ठेवा. तिरका ठेवून प्रोजेक्टरच्या मेनूमधून चित्राची चौकट सरळ केली की चित्राची धार बोथट होते, आणि ॲनिमेशनमध्ये सगळा जीव रेषेत असतो. चादर लावणार असाल तर मागे काळं कापड टाका आणि ती चारही बाजूंनी ताणा. एक सुरकुती पडली तरी पात्राचं तोंड वाकडं होतं. पडद्याची खालची कड जमिनीपासून साधारण चार फुटांवर हवी. पुढे सतरंजीवर मुलं, मागे खुर्च्यांवर मोठी माणसं. झरोक्यांना काळा कागद चिकटवा.

लॅपटॉपच्या स्पीकरवर भागवू नका. पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकेक स्पीकर ठेवा. प्रत्येक फिल्मचा आवाज वेगळ्या पातळीवर असतो, म्हणून आदल्या दिवशी सगळ्या फिल्म सलग लावून कुठे वाढवायचा, कुठे कमी करायचा, हे कागदावर लिहून ठेवा. त्याच तालमीत सगळ्यांत काळोखं दृश्य लावून शेवटच्या रांगेतून बघा. काही दिसत नसेल तर अंधार वाढवा. लॅपटॉपचा स्लीप मोड आणि सूचना बंद करा, फाइल दोन ठिकाणी ठेवा, वायरी चिकटपट्टीने जमिनीला बसवा.

खेळाची संध्याकाळ

दोन फिल्मच्या मधे पाच-सात सेकंद काळा पडदा राहू द्या. श्रेयनामावली कापू नका आणि ती चालू असताना दिवेही लावू नका. ज्या मुलीने दोन हजार चित्रं काढली, तिचं नाव वाचायला आठ सेकंद लागतात.

भाषणं आणि सत्कार दहा मिनिटांत आटपा. मग कलाकारांना पुढे बसवा आणि त्यांची कच्ची रेखाटनं, बाहुल्या, स्टोरीबोर्ड (दृश्यांचा चित्ररूप आराखडा) टेबलावर मांडा. मुलांना ती हाताळू द्या. 'प्रश्न विचारा' म्हटलं की हॉल गप्प होतो. पण टेबलाभोवती एखादा आजोबा बाहुली उचलून 'हिचा हात कसा हलवलास गं?' म्हणतो आणि तिथून बोलणं सुरू होतं. त्यासाठी अर्धा तास राखून ठेवा.

वर्गणीतून उरेल त्यातून प्रत्येक कलाकाराला थोडं का होईना मानधन द्या. नंतर लॅपटॉपवरच्या त्यांच्या फाइल पुसा आणि पुसल्याचं त्यांना कळवा.