सगळ्यांसाठी भिंत रंगवताय? या चुका टाळा

कला महाविद्यालयातली चार-सहा मुलं एकत्र येतात, वस्तीतली किंवा शाळेची एखादी भिंत मिळते आणि दुसऱ्याच दिवशी ब्रश बाहेर निघतात. घाई इथेच नडते. ‘ब्रेल नंतर लावू’, ‘व्हीलचेअरचं नंतर बघू’ म्हणून मागे ठेवलेली कामं नंतर होत नाहीत. त्यांची जागा गिलाव्यात आणि कच्च्या आराखड्यातच धरावी लागते.

शोभेचं ब्रेल. ही चूक जवळपास प्रत्येक भिंतीवर भेटते. एका शाळेच्या भिंतीवर ‘चित्र’ हा शब्द पेढ्याएवढे ठिपके चिकटवून लिहिला होता. लांबून देखणा दिसायचा. अंध मुलांनी हात फिरवला आणि विचारलं, ‘ही नक्षी आहे का?’ ब्रेलचं एक अक्षर बोटाच्या टोकाखाली मावायला हवं. एका अक्षरातल्या ठिपक्यांमध्ये साधारण अडीच मिलिमीटर अंतर, शेजारच्या अक्षरापर्यंत सहा आणि ठिपक्याची उंची जेमतेम अर्धा मिलिमीटर. याहून फार मोठं केलं की ते वाचता येत नाही.

त्या शब्दात आणखी दोन घोटाळे होते. ब्रेल पाटीवर कागद मागून टोचतात, उजवीकडून डावीकडे. मुलांनी टोचलेली बाजू बघून ठिपके उतरवले, त्यामुळे अक्षरं आरशातल्यासारखी उलटली. शिवाय छापील क्रमाने पहिली वेलांटी आधी घेतली. भारती ब्रेलमध्ये (भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलमध्ये) ती व्यंजनानंतर येते आणि जोडाक्षराचं हलन्तचिन्ह जोडाक्षराच्या आधी. म्हणजे ‘चित्र’ लिहायचं तर च, इ, हलन्त, त, र अशी पाच घरं, म्हणजे ठिपक्यांचे पाच गट. शेवटी ते ठिपके छिन्नीने काढावे लागले आणि त्यांच्याबरोबर गिलाव्याचे टवकेही निघाले.

म्हणून मजकूर आधी ठरवा, ब्रेल छापणाऱ्याकडून पट्टी करून घ्या आणि भिंतीला लावण्याआधी रोज ब्रेल वाचणाऱ्या माणसाकडून बोटांनी वाचून घ्या. डोळस माणसाने तक्ता बघून ‘बरोबर आहे’ म्हटलेलं धरू नका. पट्टी जमिनीपासून ९० ते १२० सेंटिमीटरवर, सावलीच्या बाजूला लावा. मे महिन्यात उन्हात तापलेल्या पट्टीवर कोणी बोट टेकवणार नाही.

हाताने बघायच्या चित्रात गर्दी. डोळ्यांना माणसामागचं झाड कळतं, बोटांना कळत नाही. आकृत्या एकमेकींवर चढवू नका, मध्ये बोटभर जागा सोडा. प्रत्येक वस्तूला वेगळा पोत द्या: नदी गुळगुळीत, शेत ओल्या गिलाव्यावर कंगवा ओढून, दगड खरबरीत. उठाव ५ ते ८ मिलिमीटर पुरे, कडा गोल. बाहेरच्या भिंतीवर प्लास्टर ऑफ पॅरिस अजिबात नको, ते पाणी पिऊन भुसभुशीत होतं. एक भाग सिमेंटला तीन भाग चाळलेली बारीक वाळू घ्या. खालचा थर खरवडून ओला केल्याशिवाय वर काही चढवू नका.

ओल्या भिंतीवर रंग. नव्या गिलाव्याला २८ दिवस द्यायलाच हवेत. जुन्या भिंतीवर प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दिवसभर ठेवा. आतून घाम दिसला तर आधी ओल कुठून येते ते शोधा. पांढरा लोणा पाण्याने धुऊ नका, क्षार विरघळून पुन्हा आत जातात. कोरड्या ब्रशने झाडा. बाहेर पांढऱ्या सिमेंटचीच पुट्टी, मग प्रायमर, मग बाहेरच्या भिंतींचं इमल्शन, दोन हात. पैसे वाचवायला पांढऱ्यात स्टेनर (छटा देणारा दाट रंग) ओतू नका. लिटरला ३०-४० मिलिलिटरच्या वर गेलात की रंग वाळला तरी हाताला लागतो. पावसाळ्याच्या तोंडावर काम काढणं म्हणजे पोपड्यांना आमंत्रण.

लाल आणि हिरवा शेजारी-शेजारी लावून रंगांध माणसालाही फरक दिसेल असं समजू नका. फोनवर कृष्णधवल फोटो काढा. दोन रंग सारखेच राखाडी दिसले तर एक बदला.

भिंतीसमोर दीड मीटर मोकळी, सपाट जागा हवी, नाहीतर व्हीलचेअर वळत नाही. तिथे स्कूटर लागणार असतील तर आराखडा ठरतानाच वस्तीशी बोला. पायरी असेल तर रॅम्पचा उतार १ ला १२: पाऊण फूट चढायला नऊ फूट लांबी.

चित्र ठरवून झाल्यावर लोकांना फक्त ‘भरायला’ बोलावणं मला सगळ्यात जास्त खटकतं. विषय ठरवण्याच्या बैठकीलाच बोलवा, तीही सकाळी अकराला नको. तेव्हा बायका कामावर असतात. पाणी येण्याची वेळ विचारून घ्या आणि ती टाळा. मूकबधिर मुलं येणार असतील तर दुभाषे दोन बोलवा, कारण एकाचे हात अर्ध्या तासात थकतात. दुभाष्याच्या मागे खिडकी किंवा ऊन नको, तोंड आणि हात काळे दिसतात. परांचीवर चढता न येणाऱ्यांसाठी खालचा चार फुटांचा पट्टा राखून ठेवा आणि तिथलं काम सोपं करू नका. चेहरे, हात, मुख्य आकृत्या त्याच पट्ट्यात घ्या.

उरलेल्या रंगांच्या बाटल्यांवर शेड क्रमांक लिहून त्या वस्तीतच कोणाच्या तरी घरी ठेवा. पहिला ओरखडा महिन्याभरात पडतोच.