पाकिटावरचा परवाना खरा की नुसता छापलेला?

घरगुती चकली, मसाला, तूप घेताना पाकिटावर 'एफएसएसएआय' (देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) छापलेलं दिसलं की आपण निर्धास्त होतो. परवा भाजणीच्या पाकिटावरच्या परवाना क्रमांकाचे अंक मोजले, तर तेराच! खरा क्रमांक 14 अंकी असतो.

1. पहिला अंक बघा: 1 म्हणजे परवाना, 2 म्हणजे छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन अंक 15 असतील तर महाराष्ट्र, 00 असतील तर केंद्राचा परवाना.
2. 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर क्रमांक टाका. नाव-पत्ता पाकिटाशी जुळतो का, ते ताडून पाहा.
3. जुळत नसेल तर तिथेच तक्रार करा.

हॉटेलच्या बिलावरही जानेवारी 2022 पासून हा क्रमांक बंधनकारक आहे.

तक्रार निकाली निघेपर्यंत पाकीट आणि बिल मात्र फेकू नका.