गोचीडताप: औषधाच्या घाईत होणाऱ्या या चुका टाळा

कुत्रं जेवत नाही, अंग गरम लागतंय, म्हणून मेडिकलमधून डॉक्सीसायक्लिन (डॉक्सी) हे अँटिबायोटिक आणून 'दोन दिवस देऊन बघू' म्हणणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. गोचिडाच्या चाव्यातून एर्लिकिया हा जीवाणू शिरतो तसा बॅबेसिया हा रक्तातला परजीवीही शिरतो, कधी दोन्ही एकदम. डॉक्सीने एर्लिकिया आटोक्यात येतो, बॅबेसिया मात्र लाल पेशी फोडत राहतो. त्यातही त्याची बॅबेसिया गिब्सोनी ही जात निघाली तर नेहमीची इंजेक्शनं पुरत नाहीत, ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन ही औषधांची जोडी लागते. शिवाय डॉक्सी पोटात गेल्यावर पीसीआरमध्ये (रक्तात जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) एर्लिकिया सापडणं अवघड होतं. म्हणून रक्त आधी तपासणीला द्या, गोळी नंतर.

'स्लाइडवर (काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात ती) काही दिसलं नाही' याचा अर्थ आजार नाही, असा घेऊ नका. कानाच्या टोकाला सुई टोचून आलेल्या थेंबाची स्लाइड करता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. बॅबेसिया शिरलेल्या पेशी बारीक केशवाहिन्यांत जास्त साठतात, त्यामुळे तिथल्या रक्तात तो सापडण्याची शक्यता वाढते. मशीनने प्लेटलेट फार कमी दाखवल्या तर त्यांच्या गुठळ्या झाल्या नाहीत ना, हेही स्लाइडवरच कळतं. आणि अँटिबॉडीची (जंतूंविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रथिनांची) किट बरं झाल्यावरही कित्येक महिने पॉझिटिव्ह येते, तेवढ्यावरून पुन्हा कोर्स सुरू करू नका.

ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबीऐवजी पांढरट दिसल्या, पोटावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आले, नाकातून रक्त आलं किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर उद्यावर ढकलू नका. घरातली पॅरासिटामोल, आयब्युप्रोफेन तर अजिबात नको. पपईच्या पानांचा रस जंतू मारत नाही, त्यावर दिवस काढू नका.

एर्लिकियात डॉक्सी साधारण 28 दिवस द्यावी लागते. पण दोन-तीन दिवसांत कुत्रं शेपूट हलवायला लागतं आणि गोळ्या तिथेच थांबतात. आपल्याकडे घरात म्हशीचं दूध असतंच, त्यातून गोळी देण्याची सवय असते. तेही टाळा, कॅल्शियममुळे औषध नीट शोषलं जात नाही. जेवणासोबत द्या, वर थोडं पाणी पाजा. कोर्स संपल्यावर प्लेटलेट पुन्हा तपासा.

कोल्हापूरच्या करवीर, कागल, पन्हाळ्याकडच्या वस्त्यांवर आणखी एक धोका हमखास दिसतो. म्हशींसाठी आणलेलं गोचीडनाशक अंदाजाने पाण्यात कालवून कुत्र्याला चोपडतात. अशाने विषबाधा होते, आणि त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर घरातल्या मांजराच्या जिवावर बेततं. कुत्र्यासाठीची गोळी किंवा थेंब वजनाप्रमाणे डॉक्टरांकडूनच घ्या. गोठ्याला दोष देऊन घराकडे दुर्लक्षही करू नका. कुत्र्याचा तपकिरी गोचीड गुरांवरच्या नेहमीच्या गोचिडांपेक्षा वेगळ्या जातीचा असतो. त्याची मादी रक्त पिऊन गळून पडते आणि भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते. कुत्रं झोपतं तिथल्या फटी बुजवा, पोती-चादरी उकळत्या पाण्यातून काढा आणि घरातल्या सगळ्या कुत्र्यांना एकाच वेळी औषध द्या.