सीझनची भरती आणि इन्सेंटिव्ह : या चुका टाळा

गणेश चवथ आटोपली की गोव्याच्या कळंगुट-बागा पट्ट्यातल्या हॉटेलांत ऑक्टोबरच्या सीझनसाठी माणसं घ्यायची घाई सुरू होते आणि दरवर्षी त्याच चुका दिसतात.

पहिली, गप्पांना मुलाखत समजणं. गाव कुठलं, कोणाचा मुलगा, आधी कुठे होतास, की झाली निवड. "माणूस बघितला की कळतो" असं मालक छातीठोकपणे सांगतात. पण ज्यांना परत पाठवलं ते कसे निघाले असते, हे त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. मानसशास्त्रज्ञ सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निवडीच्या पद्धतींवरील जुन्या अभ्यासांचा फेरहिशोब मांडला. ठरलेल्या प्रश्नांच्या मुलाखतीचा पुढच्या कामाशी सहसंबंध (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) ०.४२, म्हणजे सर्वांत वर. अनुभवाच्या वर्षांचा जेमतेम ०.०७. तरी जाहिरातीत "अनुभव हवा" हेच ठळक! मी सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारते, गुण तिथल्या तिथे लिहिते आणि एक खोली आवरायला देते. त्या वेळेचे पैसेही देते. फुकट राबवून घेणं ही चाचणी नव्हे.

दुसरी चूक, जे मोजायला सोपं त्यावर पैसे लावणं. एका हॉटेलात हाउसकीपिंगला कोट्याच्या वरच्या प्रत्येक खोलीमागे रोख रक्कम ठरली. आकडे झपाट्याने चढले, मॅनेजर खूश. नाताळच्या गर्दीत तक्रारी सुरू झाल्या: चादर न बदलता नुसती ताणलेली, बेसिनला साबणाचा थर. विचारल्यावर एक मुलगी सरळ म्हणाली, "मॅडम, पैसे खोलीचे मिळतात, चादरीचे नाही." तिचं काय चुकलं? सगळ्यांत नीट काम करणाऱ्या जुन्या बाईंच्या हाती सगळ्यांत कमी रक्कम पडली. जानेवारीत त्या दुसरीकडे गेल्या.

मी बोनस पूर्ण टीमला देते, तोही चिठ्ठी टाकून निवडलेल्या खोल्या तपासल्यावर. नवी योजना आधी एकाच मजल्यावर चालवते आणि तक्रारी दुसऱ्या मजल्याशी ताडून बघते. नव्या एचआरवाल्यांना एवढा धीर नसतो. त्यांना पहिल्या आठवड्यात निकाल हवा असतो.

कायद्याने देय असलेला किमान ८.३३ टक्के बोनस "बक्षीस" म्हणून मिरवू नका. टिप्सचा डबा एकट्या कॅप्टनच्या, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाच्या, ताब्यात नको. अर्ध्या सीझनला नियम बदलू नका.

मुलाखतीचे गुण फाडून टाकू नका. मे महिन्यात ते प्रत्येकाच्या कामाशेजारी ठेवून बघा. ज्या प्रश्नाने चांगला-वाईट काहीच सांगितलं नाही, तो पुढच्या भरतीत काढून टाका.