जर्दाळूला फुलं यायची पण फळ धरत नव्हतं, माझा अनुभव

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला आमच्या मागच्या अंगणात ब्लेनहाइम जातीच्या जर्दाळूचं तरणं झाड आहे, फेब्रुवारीअखेर फुलांनी नुसतं लगडायचं आणि मग सगळं गळून जायचं. ब्लेनहाइम स्वतःच्याच परागावर फळतं, म्हणजे जोडीला दुसरं झाड नको, पण तेव्हा इथे पाऊस आणि गारठा, १२-१३ अंशांच्या खाली मधमाश्या फारशा फिरकतच नाहीत. मग दुपारी ऊन पडून फुलं कोरडी झाली की वॉटरकलरचा मऊ ब्रश घेऊन परागाची पिवळी पूड फुलाच्या मधल्या चिकट टोकावर हलकेच लावत गेले. यंदा पाकळ्या झडल्यावर आत हिरव्या लवदार गाठी दिसल्या, इतका आनंद झाला म्हणून सांगू! नंतर दोन-तीन इंचांवर एकच फळ ठेवून बाकीची काढली. आणि हो, छाटणी पावसाळी हिवाळ्यात नको, ऑगस्टमध्ये करा, ओल्या कापातून युटायपा बुरशी शिरते आणि फांदीच वाळते.