मुलांना घेऊन एका दिवसात रोम

रोमला एकच दिवस असेल, तर आधी एक गोष्ट ठरवून टाका: कोलोसियम किंवा व्हॅटिकनची संग्रहालयं, दोन्ही नाही. दोन्हीकडे ठरलेल्या वेळेचं तिकीट, सुरक्षा तपासणी आणि तासन्‌तास उभं राहणं आहे. पहिल्या ठिकाणी अर्धा तास उशीर झाला की दुसऱ्याचे पैसे बुडतात आणि दुपारपर्यंत मुलं रडकुंडीला येतात. वेळेला बांधलेलं ठिकाण एकच ठेवा, तेही सकाळी. मुलं बरोबर असतील तर कोलोसियम घ्या. तिथे मोठ्याने बोलता येतं, आणि बघायचं काय ते समजावून सांगावं लागत नाही.

कोलोसियमची तिकिटं अधिकृत संकेतस्थळावर साधारण ३० दिवस आधी खुली होतात. सकाळी ८.३० चीच वेळ पकडा. १८ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत आहे, आणि चूक नेमकी इथेच होते. आईवडील फक्त स्वतःची तिकिटं काढतात. मोफत असलं तरी मुलांचंही तिकीट त्याच वेळेचं काढावं लागतं. नंतर बघावं तर ती वेळ भरलेली असते. तिकिटावर प्रत्येकाचं नाव छापलेलं असतं, म्हणून पासपोर्टवर आहे तसंच लिहा आणि पासपोर्ट जवळ ठेवा. काचेच्या बाटल्या आणि मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत, आणि सामान ठेवायची सोयही तिथे नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांना फुकट असतं. तो दिवस टाळा, रांगेतच सकाळ जाते.

मेट्रोच्या बी मार्गावरच्या कोलोसेओ स्थानकातून बाहेर पडलं की समोरच इमारत उभी आहे. आत शिरण्याआधी मुलांना कमानींवरचे आकडे शोधायला लावा. प्रेक्षकांनी कुठल्या दारातून जायचं ते कळावं म्हणून जवळपास सगळ्या कमानींवर रोमन अंक कोरलेले होते, त्यातले २३ ते ५४ अजून शाबूत आहेत. ५४ साठी तिथे पन्नासाच्या एलपुढे सरळ चार उभ्या रेघा आहेत. शाळेत शिकवतात तसा चार नव्हे, हे मुलांच्या पटकन लक्षात येतं. पुढचा दीड तास मग त्यांना फारसं ओढत न्यावं लागत नाही.

त्याच तिकिटात फोरम, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष, आणि शेजारची पॅलॅटाइन टेकडीही येते. साधं तिकीट २४ तास चालतं, पण फोरम-पॅलॅटाइनला एकदाच आत जाता येतं. जेवायला बाहेर पडलात तर संपलं. आधी पॅलॅटाइन चढा, तिथे झाडांची सावली आहे. मग उतरत फोरममध्ये या. फोरमला जवळपास सावली नाही, आणि तिथल्या मोठ्या, गुळगुळीत झालेल्या दगडांवर बाबागाडी चालत नाही. लहान मूल असेल तर पाठीवरची झोळीच बरी. बारा वाजेपर्यंत बाहेर पडा.

पाणी विकत घेत बसू नका. शहरभर नाझोनी म्हणतात ते लोखंडी नळ अखंड वाहत असतात, पाणी थंड आणि पिण्याजोगं. नळाच्या वाकड्या तोटीच्या पाठीवर एक बारीक भोक असतं. खालचं तोंड बोटाने बंद केलं की त्या भोकातून पाण्याची धार वर उडते आणि बाटलीशिवाय पिता येतं. मुलं दर नळाशी थांबणार, तेवढा वेळ हिशोबात धरा.

जेवायला स्मारकांना चिकटून असलेली हॉटेलं सोडा, दोन गल्ल्या आत जा. पिझ्झा अल ताल्यो म्हणजे कात्रीने कापून वजनावर विकलेला पिझ्झा. हवा तेवढाच तुकडा हाताने दाखवायचा. सगळ्यांत झटपट जेवण हेच. मांस खात नसाल तर ‘सेन्झा कार्ने’ म्हणा. पास्त्यात चीज आणि मिरीचा काचो ए पेपे चालेल, पण अमात्रिचाना आणि कार्बोनारात डुकराचं मांस असतं. कॉफी काउंटरशी उभ्याने प्या, टेबलाशी बसलं की दर वाढतो.

दुपारी व्हेनेत्सिया चौकाकडून पँथेऑन या घुमटाच्या प्राचीन इमारतीकडे चालत निघा. वाटेत लार्गो आर्जेन्तिना लागतं. रस्त्याच्या पातळीखाली जुन्या देवळांचे अवशेष आहेत, त्यांत मांजरांची वसाहत आहे. इसवी सन पूर्व ४४ मध्ये ज्युलियस सीझरचा खून झाला तो पाँपे या रोमन सेनापतीच्या सभागृहाचा परिसर हाच. कठड्यावरून फुकट दिसतं.

पँथेऑनला जुलै २०२३ पासून तिकीट लागतं, १८ खाली मोफत. खांदे झाकलेले असू द्या, हे चर्च आहे. घुमटाचा व्यास आणि जमिनीपासून उंची दोन्ही सुमारे ४३ मीटर; म्हणजे आत अख्खा चेंडू मावेल. वरच्या भोकातून पाऊस आत येतो, म्हणून फरशीला मधोमध बारीक छिद्रं ठेवली आहेत. ती शोधा.

तिथून पाच मिनिटांवर नाव्होना चौक. शिल्पकार बर्निनीच्या १६५१ च्या कारंज्यात चार नद्या माणसांच्या रूपात बसवल्या आहेत, त्यांतली एक गंगा: हातात लांब वल्हं असलेली दाढीवाली आकृती. डोकं झाकलेली ती नाईल, कारण तिचा उगम तेव्हा युरोपात कोणाला ठाऊक नव्हता.

ट्रेव्हीचं कारंजं रात्रीच्या जेवणानंतरच ठेवा. गर्दीत पाकीट पुढच्या खिशात, पिशवी पोटावर. परतीला बार्बेरिनी मेट्रो जवळ आहे. दहा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर फुकट प्रवास करतात. बँकेचं कार्ड दारावर टेकवूनही जाता येतं, पण एका कार्डावर एकच माणूस. दुसऱ्याने दुसरं कार्ड वापरायचं. बसमध्ये चालकाकडे तिकीट मिळेल असं धरून चालू नका, पांढऱ्या ‘टी’ची पाटी असलेल्या तंबाखूच्या दुकानातून आधीच घ्या आणि चढल्यावर यंत्रात छापून घ्या. न छापलेलं तिकीट तपासनीस तिकीट मानत नाही.