रिसेप्शनमध्ये हातभर अंतरावरची जादू: पाहुण्यांना एकमेकांशी बोलतं कसं करावं

पुण्याच्या जादूगार रघुवीरांमुळे मराठी घरांना जादू ठाऊक झाली ती रंगमंचावरची. लग्नाच्या हॉलमध्ये जवळून दाखवायच्या जादूचं काम वेगळं. तिथे मुलीकडचे एका बाजूला, मुलाकडचे दुसऱ्या बाजूला आणि आहेराच्या रांगेतले सगळे मोबाइलमध्ये. तुम्ही पुढे सरकल्यावर मागे राहिलेली माणसं आपसात बोलू लागली, तर खेळ जमला. वेळ, जागा आणि खेळ हे सगळं त्याच हिशेबाने निवडायचं.

सर्वात चांगली जागा म्हणजे स्टेजकडे जाणारी रांग. लोकांना कंटाळा आलेला असतो आणि हातात ताट नसतं. रांग मात्र सरकत असते, म्हणून तिथे दोन मिनिटांत संपेल असाच खेळ घ्या. हॉलमध्ये उभ्या घोळक्याला पाच मिनिटं द्या, सहा-आठ माणसांपेक्षा जास्त नकोत. मधली ये-जा धरून तासाला आठ घोळके होतात, म्हणजे साधारण ५० ते ६० माणसं. तीनशे पाहुणे असतील तर दोन तासांत सगळ्यांपर्यंत पोहोचणं शक्य नाही, हे यजमानांना आधीच सांगून ठेवा. जेवण सुरू झालं की पत्ते खिशात. गुलाबजामचा हात एकदा कॅटला लागला की पत्ते चिकटतात आणि तो कॅट त्या रात्रीपुरता संपला. दोन नवे कॅट जवळ असू द्या, पावसाळ्यात तीन. दमट हवेत पत्ते फुगतात आणि एकाऐवजी दोन उचलले जातात.

उभं राहताना पाठ खांबाला किंवा भिंतीला हवी. मागून व्हिडिओवाला दिवा घेऊन येतो आणि लपवलेलं सगळं उघडं पडतं. त्याला सुरुवातीलाच भेटून समोरून शूटिंग करायला सांगा, ते खुशीने ऐकतात.

‘जादू दाखवू का?’ असं विचारू नका. त्याला सोपं उत्तर ‘नको’ हेच आहे. ‘तुम्ही मुलीकडचे की मुलाकडचे?’ हे विचारा. लग्नात हा प्रश्न कुणालाच खटकत नाही आणि पुढचा खेळ त्यातूनच सुरू होतो: ‘मग मुलाकडचं एक माणूस बोलवा.’ शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस असा आपोआप आत येतो.

या जोडीसाठी स्पंजचे गोळे उत्तम. दीड इंचाचे मऊ गोळे घ्या, चार पुरतात. एक गोळा मुलीकडच्या मावशींच्या मुठीत, दुसरा मुलाकडच्या काकांकडे. काकांचा नाहीसा होतो आणि मावशींच्या मुठीतून दोन निघतात. दाबलेले दोन गोळे हाताला एकासारखेच लागतात, सगळी किमया त्यात आहे. बिघडतं ते मूठ सैल राहिल्यामुळे: दुसरा गोळा फुगतो आणि बोटांच्या फटीतून डोकावतो. म्हणून गोळे तळहाताच्या मधोमध ठेवा, बोटांवर नको, आणि ‘घट्ट, अजून घट्ट’ म्हणत राहा. बाईमाणसाचा हात धरून मूठ मिटवायला जाऊ नका. आधी आपली मूठ मिटून दाखवा, त्या तशीच मिटतात. मूठ उघडताना मात्र घाई नको. घोळक्यातले सगळे त्या मुठीकडे वाकले की मगच उघडायला सांगा.

बँड किंवा डीजे सुरू असेल तर बोलावं लागणारे खेळ सोडा आणि रबर बँड काढा. उडी मारणारा रबर बँड नवशिक्यालाही आठवड्याभरात बसतो. डाव्या हाताच्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी बँड घाला, तळहात स्वतःकडे ठेवा. उजव्या हाताने तळहाताच्या बाजूचा बँड ताणून ‘रबरच आहे’ असं दाखवा आणि मूठ मिटताना चारही बोटांची टोकं त्या ताणलेल्या फटीत सरकवा. बाहेरून बँड दोनच बोटांवर दिसतो. बोटं सरळ केली की तो अनामिका आणि करंगळीवर जाऊन बसतो. करंगळीचं टोक आत गेलं नसेल तर तो मध्येच अडकतो. फार ताठ बँड सुटून कुणाच्या तरी ताटात पडतो, फार ढिला नुसताच लोंबतो. बोटांवर घातल्यावर हलका ताण बसेल असा निवडा. वरून दुसरा बँड पीळ देत चारही बोटांच्या टोकांना गुंडाळला, तरी खालचा उडी मारतोच, आणि दाद त्यालाच जास्त मिळते. मुलं शिकवा म्हणतील. हा एक शिकवायला हरकत नाही, पण बाकीचे नाही.

टेबल नसलेल्या जागी पत्त्यांचा एकच खेळ ठेवायचा तर ‘अँबिशस कार्ड’: सही केलेला पत्ता मध्ये घालावा आणि तो वर यावा. १९२२ साली शिकागोत डाय व्हर्नन या जादूगाराने बेड्यांतून सुटण्यासाठी गाजलेल्या हुदिनीला हेच पुन्हा पुन्हा दाखवलं आणि हुदिनीला ते उकललं नाही. घोळक्यात मात्र तीन-चार वेळांवर थांबा. नंतर लोक खेळ पाहणं सोडून तुमची बोटं पकडायला बघतात.

नाण्यांसाठी जुन्या राणीछाप रुपयाची प्रतिकृती वापरून पाहा. साडेतीस मिलिमीटरचा तो रुपया परदेशी जादूगारांच्या आवडत्या अमेरिकी हाफ डॉलरच्या नाण्याएवढाच आहे, त्यामुळे तळव्यात नीट बसतो. शिवाय आजोबा मंडळी तो हातात घेऊन स्वतःच बोलायला लागतात. त्यांना बोलू द्या, खेळ थांबला तरी चालेल.

काही गोष्टी कटाक्षाने टाळा. मंगळसूत्र किंवा लग्नाची अंगठी मागू नका. नोटेवर सही घेऊ नका. मांडवात, साड्यांच्या गर्दीत आगीचा खेळ कधीही नाही. ‘मला माहितीये कसं करतात’ म्हणणाऱ्याशी वाद घालू नका, त्यालाच कॅट पिसायला द्या. चारचौघांत थोरामोठ्यांची फजिती होईल असा खेळ कितीही भारी असला तरी घेऊ नका. त्या एका हशाने अख्खा घोळका आखडतो.

नवरा-नवरीसाठी एक खेळ राखून ठेवा: एका पत्त्यावर तिची सही, दुसऱ्यावर त्याची, आणि शेवटी दोन्ही सह्या एकाच पत्त्याच्या दोन बाजूंना. इंग्रजीत याला ‘अ‍ॅनिव्हर्सरी वॉल्ट्झ’ म्हणतात. याची वेळ स्टेजवर नाही, तिथे मागे रांग खोळंबलेली असते. दोघं जेवायला बसतात, पण उखाणे आणि घास भरवणं अजून सुरू व्हायचं असतं, तेवढी पाच मिनिटं पकडा. परमनंट मार्करची सही गुळगुळीत पत्त्यावर लगेच वाळत नाही. दहा-पंधरा सेकंद फुंकर मारू द्या, नाहीतर फराटा उमटतो. खेळ झाला की तो पत्ता नवरीच्या हातात देऊ नका, शालूला खिसा नसतो. करवलीच्या पर्समध्ये ठेवायला सांगा.